बाबांच्या पीपीओतलं अंशराशीकरण: आईचीही पेन्शन कापणार का?

कऱ्हाडची_लेक:
बाबा कृषी खात्यातून (राज्य शासन) ५८ व्या वर्षी निवृत्त झाले. महालेखापालांकडून पीपीओ (पेन्शनचा आदेश), जीपीओ, सीपीओ (विकलेल्या पेन्शनच्या रकमेचा आदेश) असे तीन कागद आलेत. पीपीओत निवृत्तिवेतन ३०,०००, अंशराशीकरण (पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेणं) १२,०००, कुटुंब निवृत्तिवेतन १८,०००. सीपीओवर १२,०५,४२४. शेजारचे काका म्हणाले, "पेन्शन विकलीत ना, आता वहिनींनाही कापूनच मिळणार." तेव्हापासून आई घोर लावून बसलीय. तिचे १८,००० म्हणजे ३०,००० वजा १२,०००च ना? आणि हे कर्ज आहे का, बाबांचं काही बरंवाईट झालं तर आम्ही फेडायचं?

जुना_लेखापाल:
ताई, काकांना चहा पाजा, पण हिशेब त्यांच्याकडून घेऊ नका. माझी उभी नोकरी याच कागदांत गेली. निम्मे पेन्शनर हाच १८,०००चा आकडा बघून दचकतात.

आधी विक्री. पेन्शनच्या जास्तीत जास्त ४० टक्के विकता येते. बाबांनी पूर्ण ४० टक्के विकलीय, म्हणजे महिना १२,०००. वर्षाचे १,४४,०००, त्याला ५८ ला निवृत्त होणाऱ्याचा गुणक ८.३७१. गुणून बघा, तुमच्या सीपीओचाच आकडा येईल. यावर आयकर नाही.

बदल्यात १५ वर्षं दरमहा १२,००० कमी मिळणार. मात्र डीए (महागाई भत्ता) पूर्ण ३०,०००वर मिळत राहतो, हे बँकेतल्या नोंदीत तपासत जा, तिथे घोळ होतो. १५ वर्षांनी पेन्शन पुन्हा पूर्ण होते. तेव्हा कोषागाराला आधीच अर्ज देऊन ठेवलेला बरा.

आता आईचं. कुटुंब निवृत्तिवेतन शेवटच्या मूळ पगाराच्या ३० टक्के. बाबांची पेन्शन ३०,००० म्हणजे पगाराच्या निम्मी, तेव्हा पगार ६०,०००. त्याचे ३० टक्के १८,०००. इकडे ४० टक्के विकल्यावर उरलेले ६० टक्केही १८,०००च. गणितच तसं जुळतं, म्हणून सगळ्यांना वाटतं बाईचं कापलं. बाबांनी एक रुपयाही विकला नसता तरी तिथे १८,०००च छापून आले असते. विक्रीची कपात फक्त बाबांच्या पेन्शनमधून. ते गेले तर ती तिथेच थांबते, उरलेली कुणाकडून वसूल करत नाहीत. तेव्हा हे कर्ज नव्हे. फरक पडेल तो डीएत, आईंना तो १८,०००वर मिळेल. सुरुवातीची काही वर्षं वाढीव दर लागू होऊ शकतो, तो पीपीओत वेगळ्या ओळीत असतो, मुदतीच्या तारखेसकट. ती तारीख लिहून ठेवा.

विकावी की नाही? घराचं कर्ज डोक्यावर असेल तर खुशाल विकावी. मांडवात उडवायला विकणारेही पाहिलेत, त्यांना १५ वर्षं बोलून उपयोग नसतो.

नोव्हेंबर_२००५:
आम्ही १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेले हे वाचून नुसते सुस्कारे सोडतो. एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजना) निवृत्तीला जमलेल्या किमान ४० टक्के रकमेची ॲन्युइटी, म्हणजे विमा कंपनीकडून नियमित मिळणारी पेन्शन, घ्यावी लागते. म्हणजे तुम्ही ४० टक्के विकता, आम्ही ४० टक्क्यांची विकत घेतो. आणि त्या ॲन्युइटीवर डीए नाही.

कऱ्हाडची_लेक:
आईला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने काकांनाही बोलावून घेतलं! एकच राहिलं, जीपीओ म्हणजे ग्रॅच्युइटीच ना? आणि हयातीचा दाखला?

जुना_लेखापाल:
हो, जीपीओ म्हणजे उपदान, आपली ग्रॅच्युइटी. तिचा विक्रीशी काही संबंध नाही.

हयातीसाठी कोषागाराची यादी नोव्हेंबरात बँकेच्या शाखेत येते, नावापुढे सही करायची. सही करताना पीपीओ क्रमांक जुळवा, एका नावाचे दोन पेन्शनर असले की दुसऱ्याच्याच पुढे सही होते. जायला जमलं नाही तर जीवन प्रमाण (हयातीचा डिजिटल दाखला) मोबाईलवरून होतं. आणि पीपीओवर आईंचं नाव, जन्मतारीख आधारप्रमाणेच आहे का ते आजच बघा. चूक असेल तर बाबा असतानाच दुरुस्त करून घ्या, नंतर एकट्या बाईला फार खेटे घालावे लागतात.