अनुभव धागा : घराच्या खिडक्या आणि काचेवर आतून धरणारे पाणी

बेळगावच्या अनगोळमधील आमच्या घराचे बांधकाम लिंटेलपर्यंत (दारे-खिडक्यांवरच्या आडव्या तुळईपर्यंत) आले आहे. खिडक्या सागवानी, ॲल्युमिनियमच्या की यूपीव्हीसीच्या (कडक प्लास्टिकच्या), यावर घरात एकमत होत नाही. शिवाय सध्याच्या भाड्याच्या घरात पावसाळाभर काचा सकाळी आतून ओल्या असतात, ते दुखणे नव्या घरात नको आहे. आपल्या भागात ज्यांनी खिडक्या बसवल्या किंवा निस्तरल्या, त्यांनी अनुभव लिहावेत.

जांबोटी, खानापूर तालुका
पश्चिमेची झड काय असते, हे आमच्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. आजोबांच्या वेळची फणसाची चौकट अजून शाबूत आहे आणि मी हौसेने बसवलेली सागवानी खिडकी मात्र सहा पावसाळ्यांत खालून कुजली. दोष लाकडाचा नव्हता. जुन्या खिडकीवर कौलांची लांब वळचण होती, नवीवर जेमतेम नऊ इंचांचा छज्जा, आणि खालचा कट्टा आतल्या बाजूला उतरता. गवंड्याकडून कट्ट्याला बाहेर उतार करून घेतला, छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तुटण्यासाठी खाच मारली आणि मगच दुसरी चौकट बसवली.

निपाणी
ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीतून पाणी थेट गादीवर येत असे. खालच्या पट्टीतील पाणी निघायची भोके बसवणाऱ्यानेच सिलिकॉनने बुजवली होती! छत्रीच्या तारेने ती मोकळी केली.

टिळकवाडी, बेळगाव
आम्ही महागड्या यूपीव्हीसी खिडक्या बसवल्या आणि काचेवरचे पाणी उलट वाढले, कारण फटींतून होणारी हवेची ये-जा बंद झाली. खोलीत २५ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर सुमारे २१ अंशांपर्यंत थंड झालेल्या काचेवर दव धरते, आणि पावसाळ्यातील आपल्या रात्री तेवढ्या थंड असतातच. वाफ आपणच तयार करतो. एक किलो गॅस जळताना दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ होते; त्यात सकाळच्या इडल्या आणि निजायच्या खोलीत दोरीवर वाळणारे कपडे. बाहेरची हवाही दमट, मग झरोका उघडून काय साधणार, असे मलाही वाटत असे. पण ती थंड असल्यामुळे तिच्यात एकूण वाफ आतल्यापेक्षा कमी असते. कपडे गच्चीवरील पत्र्याखाली हलवले, स्वयंपाकघरातील पंख्याचे तोंड बाहेर काढले, आणि काचा बऱ्याच कोरड्या राहू लागल्या.

हिंडलगा
दुहेरी काच घेणार असाल, तर दोन काचांमध्ये धुके दिसले की सील गेले असे समजा. ते पुसता येत नाही, काचेची जोडीच बदलावी लागते.

धागाकर्ता, अनगोळ
सर्वांचे आभार. लिंटेलचे सेंट्रिंग (काँक्रीट ओतण्यासाठीचा साचा) परवा लागणार असल्याने पश्चिमेकडील छज्जे आधी दोन फुटांचे करून घेत आहे. खिडक्यांची ऑर्डर तूर्त थांबवली आहे.