युगांडातले ते ९० दिवस आणि नंतरची वर्षं: ईदी अमीनच्या काळातले तुमचे अनुभव

ईदी अमीनचं नाव काढलं की आपल्याकडे माणसं खाणाऱ्या हुकूमशहाच्या भाकडकथाच निघतात. त्या इथे नकोत. ब्रिटिशांच्या ‘किंग्ज आफ्रिकन रायफल्स’ या पलटणीत १९४६ साली स्वयंपाक्याचा मदतनीस म्हणून लागलेला, पुढे मुष्टियुद्धात देशाचा विजेता झालेला हा माणूस. स्वातंत्र्याला नऊ वर्षंही झाली नव्हती. अध्यक्ष ओबोटे सिंगापूरला गेलेले असताना २५ जानेवारी १९७१ला त्याने सत्ता बळकावली. तेव्हा कंपालाच्या रस्त्यांवर लोक आनंदाने नाचले होते, हेही विसरू नये. त्याच्या राजवटीची झळ ज्यांच्या घरापर्यंत आली, त्यांनी लिहावं. सुरुवात मी करते.

पुण्याहून

बाबा युगांडातल्या जिंजा शहरात शाळेत गणित शिकवायचे. ४ ऑगस्ट १९७२ला अमीनने आशियाई लोकांना हाकलायचं जाहीर केलं, मुदत ९० दिवसांची. मी नऊ वर्षांची होते. शिक्षक-डॉक्टरांना सूट आहे, मग नाही, मग पुन्हा आहे. बाबा रेडिओपासून हलायचे नाहीत. शेवटी आईच म्हणाली, “अहो, सूट मिळाली तरी मला इथे राहायचं नाही.”

कुटुंबामागे पन्नासेक पौंड नेता येत होते. कंपाला ते एंटेबे विमानतळ हे अंतर जेमतेम ४० किलोमीटर, पण वाटेत जागोजागी सैनिकांचे नाके. एका नाक्यावर सैनिकाने आईची लोणच्याची बरणी उघडून आत संगीन खुपसली आणि सोनं सापडेल म्हणून तळापर्यंत ढवळत राहिला. तेल माझ्या फ्रॉकांवर सांडलं. सोनं कुठलं? बांगड्या आधीच्याच नाक्यावर गेल्या होत्या. मुंबईला उतरेपर्यंत आमच्या पिशवीला मोहरीचा वास येत होता. नंतर कितीतरी वर्षं आईने कैरीचं लोणचं घातलं नाही, आजी पाठवायची.

म्हापशाहून

आम्ही एंटेबेचे गोंयकार. तिथल्या सरकारी कचेऱ्यांत आमचे पुष्कळ लोक कारकून होते, पप्पाही. आम्ही रेल्वेने मोंबासाला आणि तिथून बोटीने मुंबईला आलो. केनियाची हद्द येईपर्यंत सैनिक डब्यात चढायचे. घड्याळ गेलं, मम्मीची साखळी गेली. पप्पा त्याबद्दल फारसं बोलायचे नाहीत. बोलायचे ते शेजारच्या टेबलावरच्या अचोली सहकाऱ्याबद्दल. अचोली ही उत्तर युगांडातली एक जमात. आम्हाला सोडायला तो स्टेशनवर आला होता, भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी घेऊन. त्याची पत्रं १९७७ पर्यंत यायची. त्या फेब्रुवारीत आर्चबिशप जनानी लुवुम यांना मारलं आणि मोटार अपघात झाला म्हणून जाहीर केलं. तेही अचोलीच. मग अचोली आणि लांगी या दोन्ही जमातींच्या माणसांची धरपकड वाढली, आणि पत्रं थांबली. पप्पा दर नाताळाला कार्ड मात्र पाठवत राहिले.

किती माणसं मारली, याचे अंदाज ८० हजारांपासून ३ लाखांपर्यंत आणि त्याही वर जातात. आम्हाला निघून जायला वाट तरी होती. हे मुद्दाम लिहितोय, कारण आपल्या आठवणींत युगांडाचा माणूस नेहमी बंदूक घेऊनच उभा असतो.

कंपालाहून

मी नाशिकचा, सहा वर्षं इथे नोकरीला आहे. जुन्या इमारतींच्या माथ्यावर सिमेंटमध्ये उठवलेली भारतीय नावं आणि सालं अजून दिसतात. ऑफिसातल्या एक वयस्कर बाई सांगतात, ती दुकानं सैनिकांना आणि त्यांच्या माणसांना वाटली. लोक त्यांना ‘माफुता मिंगी’ म्हणायचे, म्हणजे भरपूर तेलवाले. होता तो माल विकून झाला, नवा आणणार कोण? मग साबण, मीठ, साखर सगळं ‘मागेंडो’त, काळ्या बाजारात.

आमचा ड्रायव्हर मात्र म्हणायचा, अमीनने धंदा आमच्या हाती दिला. मी वाद घातला नाही. एकदा कंपालातच मेंगोला राजवाड्याच्या आवारातल्या, अमीनच्या काळातल्या काँक्रीटच्या कोठड्या बघायला आम्ही दोघं गेलो. पाण्यात वीज सोडून ठेवायचे, असं वाटाड्या सांगत होता. भिंतीवर हातांचे ठसे आहेत. बाहेर आल्यावर ड्रायव्हर गाडीपाशी नुसताच उभा राहिला. मग म्हणाला, “माझे एक काका परत आले नाहीत.” इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच बोलला.

लेस्टरहून

थोडक्यात लिहिते. माझं सासर कंपालाचं, गुजराती. आमच्या शहरात येऊ नका, अशी जाहिरात इंग्लंडातल्या या लेस्टरच्या नगरपालिकेने ‘युगांडा आर्गस’ या तिकडच्या वर्तमानपत्रात दिली होती. सासूबाई तरी इथेच आल्या. त्याआधी सफोकमध्ये स्ट्रॅडिशॉलच्या हवाई तळावरची छावणी, आणि अंगात कुणीतरी दिलेला कोट.

१९७९ला टांझानियाच्या फौजेने कंपाला घेतल्यावर अमीन आधी लिबियात पळाला, नंतर सौदीत राहिला. १६ ऑगस्ट २००३ला तो जेद्दाहला वारला. सासूबाईंनी बातमी शेवटपर्यंत ऐकली.

“हॉस्पिटलमध्ये गेला?”

“हो, बा.”

“कोर्टात एकदाही उभा केला नाही?”

“नाही.”

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.