‘प’ जामाचा : पहिलीच्या मुलाला आधी काय शिकवायचं?

जि. प. शिक्षिका, आर्णी (यवतमाळ)

गेल्या जुलैत पहिलीच्या एका मुलाला भिंतीवरच्या तक्त्यापाशी उभं केलं. त्यानं बोट ठेवलं आणि म्हणाला, ‘प जामाचा’. मग ‘ब आलूचा’. वर्गात कोणी हसलं नाही, कारण कोणालाच त्यात चूक दिसली नाही. तक्त्यावर पेरू आणि बटाटा आहे. आमच्याकडे पेरूला जाम म्हणतात, बटाट्याला आलू. पोरानं चित्र अगदी बरोबर ओळखलं, पण त्या चित्राचा अक्षराशी काय संबंध ते त्याला कळलंच नव्हतं. तरी तो ‘प’ पाठ म्हणतो आणि पाटीवर सुबक काढतो.

चौदा वर्षं शिकवतेय. त्यातली पहिली नऊ मीही त्याच वाटेनं गेले. अ ते ज्ञ, मग बाराखडी, मग दोन अक्षरी शब्द. ३४ व्यंजनांची बाराखडी म्हणजे ४०८ घरं, आणि ती भरेपर्यंत मुलाच्या हाती स्वतः वाचलेला एक शब्द नसतो. त्यात आपल्या विदर्भात शाळा उघडते जूनच्या अखेरीला. सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीन निघतं, त्यामागे कापूस वेचायला येतो. मोठी माणसं वावरात गेली की धाकट्याला सांभाळायला सहा वर्षांची पोर घरी थांबते. पंधरा दिवसांनी येते तेव्हा वर्ग ‘ढ’वर पोचलेला असतो आणि तिची गाडी ‘घ’पाशी सुटलेली असते.

आता मी क, म, न, ब आणि काना एवढ्यावरच सुरुवात करते. तेवढ्यात काम, कान, नाक, मान, मका, कमान, मामा, बाबा सगळं होतं. मूल ‘मका’ वाचतं आणि खिडकीबाहेर बोट दाखवतं. मग पुढची अक्षरं त्यांच्याच तोंडच्या शब्दांतून घेते : बंडी (बैलगाडी), बोंड, सांबार (कोथिंबीर), पराटी (कपाशी).

माझं म्हणणं एवढंच आहे. मुलाचं पहिलं लिखाण त्याच्या बोलण्यातलं असावं. ते वऱ्हाडीत आलं तर वऱ्हाडीतच वहीत उतरू द्यावं. ‘डोळा’ऐवजी ‘डोया’ लिहिला तर त्यावर लाल रेघ मारू नये. आमच्या केंद्रातल्या बऱ्याच सहकाऱ्यांना हे पटत नाही, म्हणून इथे मांडतेय.

निवृत्त मुख्याध्यापक, कारंजा (वाशीम)

बाई, जामाचं पटलं. तक्ता आजच बदला. बाराखडीला मात्र हात लावू नका.

आपली वर्णमाला कोणी चिठ्ठ्या टाकून लावलेली नाही. कवर्ग कंठातून, चवर्ग टाळूला, टवर्ग मूर्ध्याला, तवर्ग दातांना, पवर्ग ओठांना. मी पोरांना तोंडाशी हात धरून म्हणायला लावायचो. ‘ख’ला वारा लागतो, ‘क’ला लागत नाही, हे त्यांना स्वतःच्या तळहातावर कळायचं. क-म-न-ब या गटात ही शिस्त कुठून आणणार?

दुसरं, आपल्या मात्रा चारही दिशांना जातात. काना पुढे, उकार खाली, मात्रा वर आणि पहिली वेलांटी चक्क अक्षराच्या मागे. हात आधी वेलांटी काढतो, तोंड आधी ‘क’ म्हणतं. हा गुंता रोज म्हटलेल्या बाराखडीनंच सुटतो. आणि पऱ्हाटी तुम्ही ‘पराटी’ लिहून सोपी केलीत. खरी लिहायची तर त्यात ‘ऱ्ह’ आहे, तो पहिलीच्या मुलाला कसा देणार? मुलाच्या तोंडचा शब्द सोपा असतो, लिहायला तो सोपा असेलच असं नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. साठपर्यंत पट असेल तर कायद्यानं दोन शिक्षक. म्हणजे दोघांत पाच वर्ग. मी चौथीला भागाकार शिकवत असताना पहिलीची बाराखडी तिसरीतली पोरगी घ्यायची. घरी थांबलेल्या मुलाची आजोबा घ्यायचा, कारण त्यालाही तेवढी येत होती. तुमचा अक्षरगट घरात कोणाला ठाऊक आहे? पोर पंधरा दिवस वावरात गेलं तर बाराखडी त्याच्यासोबत वावरात जाते.

राहिला ‘डोया’. पहिलीत रेघ मारायची नाही, तर कधी मारायची? हाताला एकदा वळण लागलं की शिष्यवृत्तीच्या परीक्षेपर्यंत ते सुटत नाही, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय.

शिक्षिका, लाखनी (भंडारा)

दोघांच्याही मध्ये एक गोष्ट राहून जातेय : फळ्यावरून उतरवणं. माझ्याकडे चौथीत एक मुलगी आली, अक्षर मोत्यासारखं. रोज तारीख, वार, सुविचार, ‘पट २२, हजर १८’ सगळं वहीत. एक दिवस तिच्याच वहीतल्या ‘हजर’वर बोट ठेवून विचारलं, हे काय? ती गप्प. चार वर्षं ती चित्रं काढत होती. वह्या तपासणाऱ्या प्रत्येकानं त्यावर ‘छान’ लिहिलं होतं. मीही लिहिलं असतं. तेव्हापासून मी पहिली-दुसरीत फळ्यावरचं उतरवून घेणं बंद केलं. लिहायचं ते ऐकून किंवा मनातलं.

शेतकरी पालक, दारव्हा (यवतमाळ)

तुमचं सगळ्यायचं वाचलं. मी काही मास्तर नाई. चार एकर पराटी हाय, पोरगा तिसरीत हाय.

२०१७ साली आमच्या जिल्ह्यात फवारनी करता करता इसच्या वर मानसं गेली. त्या साली म्या बी पंप पाठीवर घेऊन फवारत होतो. औषधाच्या डब्ब्यासंगं घडी केलेला कागद येते, त्याच्यावर मराठीत बी लिहेल रायते. वाचते कोन? लाल तिकोन असला त थे सगळ्यात जहरी, हे मले लय उशिरा समजलं. दुकानदार सांगन तेवढंच आमाले माहीत.

त्या कागदावर ‘डोळे’ छापेल हाय, ‘डोये’ नाई. माह्या पोराले थो कागद वाचता आला पायजे. बाई, घरची बोली त त्याले येतेच. थे शिकाले मी त्याले शाळेत काहून धाडू?

शिक्षक, धारणी (मेळघाट)

तुम्ही वऱ्हाडी की पुस्तकी यावर बोलताय. माझ्या वर्गात दोन्ही परक्या. मुलं घरी कोरकू बोलतात, आणि कोरकू मराठीच्या नात्यातली नाही, मुंडा कुळातली आहे. बाई, तुमच्या मुलाला ‘नाक’ वाचल्यावर नाक दिसतं. माझं मूल क-म-न-ब शिकून ‘नाक’ खणखणीत वाचतं आणि माझ्याकडे बघत राहतं. आणि मुख्याध्यापक साहेब, बाराखडी तर माझीच पोरं जिल्ह्यात सगळ्यांत सुरेल म्हणतील. अर्थ नसला की पाठ करायला उलट काही आड येत नाही.

मातृभाषेतून शिकवावं हे शिक्षण हक्क कायद्यात आहे, २०२० च्या धोरणातही आहे. पण ‘निपुण भारत’ या सरकारी मोहिमेचं ध्येय म्हणतं, तिसरीअखेर मूल समजून वाचणारं हवं. माझे पहिले सहा महिने नुसतं बोलण्यात जातात. गोष्ट कोरकूत, मग तीच मराठीत, मग मुलांनी मोडकीतोडकी सांगायची. या काळात वही कोरी असते. कोऱ्या वहीबद्दल मला कारण विचारलं गेलंय, लेखी.

मी ‘स’ सिपनापासून सुरू करतो. सिपना ही आमची नदी, आणि कोरकूत सिपना म्हणजे साग. तेवढं एक अक्षर त्यांना आपलं वाटतं. पण एका अक्षरानं भागत नाही. म्हणून बाईंना माझा विरोध एवढाच की अक्षरगट हेही उत्तर सगळीकडचं नाही. आधी बोलणं हवं.

जि. प. शिक्षिका, आर्णी

धारणीचे सर, मान्य. माझ्या वर्गात भाषेचा एवढा मोठा ओढा नाही, म्हणून मला ते दिसलं नाही. ‘नाक’ हा तुमच्या मुलांसाठी नुसता आवाज आहे, हे मी आजवर मनात आणलं नव्हतं.

गुरुजी, आजोबाचा मुद्दा मला लागला. अक्षरगट घरी पोचत नाही हे खरंच आहे. या वर्षी चार-चार अक्षरांची पुठ्ठ्याची कार्डं करून घरी देईन. आणि बाराखडी मी टाकलेली नाही. रोज सकाळी दहा मिनिटं तालावर म्हणतो. ती पूर्ण होईपर्यंत वाचन थांबवायला माझी ना आहे. तळहातावरचा ‘ख’ मात्र सोमवारीच करून बघते.

‘ऱ्ह’ पहिलीत देत नाही. मूल ‘पराटी’ बोलतं, तेच लिहितं. दुसरीत आम्ही ‘ऱ्ह’ घेतो तेव्हा हाच शब्द पुन्हा काढतो.

‘डोया’वर मात्र मी मागे येणार नाही. आपल्या बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो : केयी, सकायी, जवय. ‘ण’चा ‘न’ होतो. ज्या मुलानं ‘डोया’ लिहिला त्यानं स्वतःचा आवाज ऐकला, त्याचे तुकडे केले, प्रत्येक तुकड्याचं अक्षर शोधलं आणि मांडलं. लाखनीच्या बाईंच्या त्या मुलीला चार वर्षांत जे जमलं नाही ते त्यानं केलं. तिथे लाल रेघ मारली तर ते मूल पुन्हा मनानं लिहीत नाही, फळ्यावरचं उतरवायला लागतं. ते सुरक्षित असतं ना.

भाऊ, कागद मुलाला वाचता यायलाच हवा, त्यासाठीच हा खटाटोप आहे. मी फळ्यावर दोन रकाने आखते, ‘घरचं’ आणि ‘पुस्तकातलं’. डोया तिथे, डोळा इथे. पानी तिथे, पाणी इथे. दुसरा रकाना मुलं स्वतः पुस्तकात शोधून भरतात. दुसरीच्या दिवाळीपर्यंत बहुतेकांचा ‘ळ’ जागेवर येतो. दोघांचा नाही आला. त्यांच्यासाठी अजून धडपडतेय.

निवृत्त मुख्याध्यापक, कारंजा

रकाने चांगले आहेत. पण ते तुमच्या वर्गात आहेत, कारण तुम्ही आहात. उद्या तुमची बदली झाली आणि नव्या माणसानं ‘डोया’ तसाच सोडला, दुसरा रकाना आखलाच नाही, तर ते मूल कुठे जाईल? बाराखडी कोणीही आला तरी चालते. पद्धत साध्या माणसाच्या हातात टिकणारी हवी, म्हणून मी जुन्याला धरून आहे.

शेतकरी पालक, दारव्हा

बाई, तुमचं वाचून काल संध्याकायी पोराले थो कागद देल्ला. अर्धा तास लागला. ‘प्रतिबंधक’पाशी अडकला, तिथं मलेबी सांगता आलं नाई. पुढं लिहेल होतं, डोळे पाण्यानं धुवा. त्यानं बोट ठेवून म्हणलं, ‘डोये पान्यानं धुवा’. मंग मले म्हने, बाबा, तुमी धुता का?