घरच्या आर्केड कॅबिनेटला ट्यूबच हवी, एलईडी स्ट्रिप नको

प्लायवाला (पुणे): रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालणारं उभं आर्केड कॅबिनेट, म्हणजे व्हिडिओ गेमचं खोकं, घरी बांधतोय. गेमचं नाव असलेल्या वरच्या पाटीमागे, म्हणजे मार्कीमागे, खरी ट्यूबच लावायची आहे. १९८० च्या पॅक-मॅनच्या काळातली यंत्रं तशीच उजळायची. ट्यूबचा उजेड पाटीभर सारखा पडतो. एलईडी स्ट्रिपचे ठिपके ॲक्रिलिकमधून मोजता येतात. सुरू होताना ट्यूब दोनदा लुकलुकते, तेही मला हवंय. कोणाला पटत नसेल तर सांगा.

सोल्डरगन: मला अजिबात पटत नाही. आधी माप घ्या. कॅबिनेट बाहेरून २४ इंची धरलं आणि दोन्ही बाजूंना १८ मिमी प्लाय, तर आत उरतात ५७४ मिमी. दोन फुटी १८ वॅटची नुसती नळी ५९० मिमी असते, ती बसवायची पट्टी त्याहून लांब. बसायचीच नाही! शिवाय लाकडी खोक्यात २३० व्होल्ट इतक्या वर कशाला न्यायचे? १२ व्होल्टची स्ट्रिप घ्या, मागची फळी पांढरी रंगवा आणि स्ट्रिपचं तोंड फळीकडे करा. उजेड परतून पाटीवर येतो, ठिपके दिसत नाहीत.

प्लायवाला: माप खरंच २४ आहे. मोठी ट्यूब रद्द. पण १८ इंची, १५ वॅटची ट्यूब ४३८ मिमीची, ती आरामात बसते. आणि २३० ची भीती पटत नाही. तुमच्या स्ट्रिपच्या एसएमपीएसलाही, म्हणजे २३० चे १२ व्होल्ट करणाऱ्या डब्यालाही, तेच लागतात. चोक-स्टार्टर पत्र्याच्या बंद पट्टीत, पट्टीला अर्थिंग, लाइनवर फ्यूज.

सोल्डरगन: एसएमपीएस तळाशी राहतो, वर फक्त १२ व्होल्ट जातात, फरक तो आहे. आणि पाऱ्याचा वापर कमी करण्याच्या आंतरराष्ट्रीय मिनामाता कराराच्या २०२३ च्या बैठकीत सरळ ट्यूबचं उत्पादन, आयात-निर्यात २०२७ पर्यंत थांबवायचं ठरलंय. ट्यूब गेली की पुढची कुठून आणाल?

एडिसनकर (न्यू जर्सी): माझ्याकडे ऐंशीच्या दशकातलं मूळ यंत्र आहे, त्यात १५ वॅटचीच ट्यूब. ती मी काढणार नाही. नवीन खोक्यात मात्र मी स्ट्रिपच लावली असती. ट्यूबच्या अतिनील किरणांनी छापील पाटी हळूहळू फिकी पडते. लावणारच असाल तर नळीवर अतिनील अडवणारी पारदर्शक बाही चढवा. आणि इकडची जुनी पट्टी मागवू नका. १२० व्होल्टचा चोक २३० वर जळेल. ट्रान्सफॉर्मरने १२० केले तरी ६० हर्ट्झचा चोक ५० हर्ट्झवर जास्त करंट ओढतो आणि तापतो. ट्यूबचं बटणही वेगळं ठेवा. रास्पबेरी पायची वीज मधेच तोडली तर मेमरी कार्ड बिघडू शकतं.

प्लायवाला: बाही आणि वेगळं बटण, दोन्ही घेतले. चोक इथलाच, १५ वॅटचा, तांब्याचा. इलेक्ट्रॉनिक चोकने उजेडाची थरथर जाईल, पण सुरुवातीची लुकलुकही जाईल, म्हणून तो नको. चार ट्यूब जास्तीच्या घेऊन ठेवतो.

सोल्डरगन: माझं मत तेच आहे. पण त्या चार ट्यूब माळ्यावर सुट्या टाकू नका, पुठ्ठ्याच्या नळीत ठेवा. आत पारा असतो, आणि घरात मुलं आहेत.