माइल्सचं अडखळणं मुद्दाम आहे

'स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स' या अ‍ॅनिमेशनपटात (२०१८) रंग अप्रतिम, पण नव्यानेच स्पायडर-मॅन झालेल्या माइल्स या पोराची हालचाल झटके खाते, असा दोष एका प्रेक्षकाने दाखवलाय. झटके आहेत हे मान्य, पण तो दोष नाही. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेम्सनी, म्हणजे स्थिर चित्रांनी, चालतो. माइल्सची पोझ मात्र सुरुवातीला बऱ्याचदा दर दुसऱ्या फ्रेमला बदलते, म्हणजे सेकंदाला १२च पोझेस. प्रयोगशाळेतून पळ काढल्यावरचा जंगलातला प्रसंग पुन्हा बघा. शेजारी मुरलेला स्पायडर-मॅन पीटर २४च्या हिशोबाने सहज झोके घेतोय आणि पोरगा एक ठोका मागे. त्याचं नवखेपण संवादातून न सांगता थेट हालचालीतून दाखवलंय. मला हे कळल्यावर मी तेवढा भाग तीनदा पाहिला, आणि दर वेळी अंगावर काटा आला.

खरी खटकणारी गोष्ट वेगळी आहे. दूरच्या वस्तू धूसर न करता त्यांचे रंग एकमेकांपासून सरकवलेत, जुन्या कॉमिक्सच्या छपाईत ठसे चुकायचे तसे. कल्पना सुंदर, पण थिएटरमध्ये पहिली वीस मिनिटं मला चष्म्याविना थ्रीडी बघतोय असंच वाटत राहिलं, डोळे शिणले. आणि खलनायक किंगपिन! बायको-मुलाला गमावलेला बाप, एवढं मोठं दुःख, ते एका छोट्या फ्लॅशबॅकमध्ये उरकलंय. पुढे तो फक्त अवाढव्य काळा ठोकळा उरतो. माइल्सच्या वडिलांचा दाराबाहेरून बोलण्याचा प्रसंग ज्यांनी इतक्या हळुवारपणे लिहिला, त्यांनी किंगपिनला आणखी पाच मिनिटं द्यायला हवी होती.