मदत हवी आहे: जुन्या नाण्यांवर हिरवा चिकट थर आलाय

नमस्कार मंडळी. चिपळूणला आमचं किराणा दुकान आहे. रात्री गल्ला मोजताना जुनं नाणं दिसलं की तेवढेच पैसे टाकून मी ते बाजूला काढते. भारताच्या नकाशाचे अकरा कोनांचे दोन रुपये, जाडजूड पाच रुपये. लोहचुंबक फिरवला की स्टीलची पटकन चिकटतात, तांबं-निकेलची जागची हलत नाहीत. नाण्यावरच्या वर्षाखाली छोटा हिरा दिसला की मुंबई टांकसाळीचं, तारा असेल तर हैदराबादचं. सासऱ्यांनी जपलेलं १९७० चं कमळवालं पितळी वीस पैसेही त्यातच आहे.

परवा अल्बम उघडला तर दोन रुपयांच्या तीन नाण्यांवर हिरवा, चिकट थर! पाकिटं मऊ पीव्हीसी प्लास्टिकची होती आणि त्यामुळेच हा थर येतो, हे फार उशिरा कळलं. चिंच-लिंबू लावणार नाही, त्याने नाण्याचा पृष्ठभागच खाल्ला जातो. असा थर काढायला कोणी अ‍ॅसिटोन (नेलपॉलिश काढायच्या द्रवात असतं ते) वापरलंय का? किती वेळ बुडवायचं? आणि आमच्याकडच्या पावसाळ्यात कागदी होल्डर टिकतात, की हवाबंद डब्यात ओलावा शोषणारं सिलिका जेल घालून ठेवू? स्वतः करून पाहिलेलंच सांगा, प्लीज. सासऱ्यांच्या त्या वीस पैशावर मला प्रयोग करायचा नाही.