सीमाभागातले सपाट, निवांत रस्ते: सायकलवाल्यांनो, आपापले अनुभव लिहा

बेळगावात सायकलवाले जमले की बोलणं जातं ते जांबोटी, चोर्ला नाहीतर खानापूरच्या जंगलाकडे. घाट, चढ, धुकं यावर भरपूर लिहून झालंय. हा धागा जिल्ह्याच्या दुसऱ्या अंगासाठी आहे: निपाणी, चिकोडी, रायबाग, कागवाडकडची काळी सपाट जमीन आणि शहराला लागून असलेली वडगाव-येळ्ळूरची भातशेतं. हायवे सोडून एका गावातनं दुसऱ्या गावात नेणारे रस्ते. नकाशावर ते सगळे सारखेच दिसतात. कुठला रस्ता कुठल्या महिन्यात चालवावा, हे मात्र ऊस आणि नदी ठरवतात. म्हणून रस्त्याबरोबर हंगामही लिहा. सुरुवात मी करतो.

निपाणी

माझा पट्टा भोज, बेडकिहाळ, शमनेवाडी, सदलगा हा. चढ नावाला नाही, दर काही किलोमीटरवर गाव, गावात चहा. मला यातले बंधारे सगळ्यात प्रिय. दूधगंगेवरचा कारदगा-भोज, वेदगंगेवरचे सिदनाळ-अक्कोळ आणि जत्राट-भिवशी. बंधाऱ्यावरचा रस्ता अरुंद, दोन्ही अंगांना पाणी, एका बाजूला तुंबलेलं शांत आणि दुसऱ्या बाजूला फळ्यांतनं फेसाळत पडणारं. मोठी वाहनं इकडं फारशी येत नाहीत, त्यामुळं पहाटे बंधारा आपलाच असतो.

पण पावसाळ्यात हेच बंधारे सगळ्यात आधी पाण्याखाली जातात. पेपरात दर जुलैला तीच यादी येते. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर ज्यांनी काठावर बसून पाहिलेत, त्यांना सांगायला नको. पाणी ओसरलं तरी लगेच जाऊ नका. वर गाळाचा पातळ थर बसलेला असतो, त्यावर चाक सरळ राहत नाही, आणि कठडे कुठं वाहून गेलेत ते लांबनं कळत नाही. दिवाळीनंतर निवांत जा.

सदलगा

दादांनी आमच्या गावापर्यंत आणून सोडलंच आहे, तर पुढचं मी लिहिते. मी शिक्षिका आहे, शाळेच्या आधी सकाळी मलिकवाडच्या बाजूला जाऊन येते. पलीकडं दत्तवाड, म्हणजे महाराष्ट्र. पुलाच्या अलीकडं पाट्या कन्नड, पलीकडं मराठी. ऊस तोच, भाषाही घराघरांत दोन्ही.

एकटी बाई सायकलवर गेली तर काय, असं मला खूप जणी विचारतात. माझा अनुभव चांगला आहे. पहिले काही दिवस "कुणाच्यातली गं तू?" असं रानात चाललेल्या बायका थांबवून विचारायच्या. एकदा घर कळलं की तो रस्ता आपल्या ओळखीचा होतो. आता एखादा आठवडा दिसले नाही तर त्याच चौकशी करतात. बायांनो, आधी अशा माणसांच्या रस्त्यावर चालवा. सुनसान रस्ता नंतर.

एक गोष्ट बाहेरच्यांसाठी. हा सगळा जैन वस्तीचा पट्टा आहे. आचार्य विद्यासागर महाराजांचा जन्म १९४६ चा, आमच्या सदलग्यातला. पहाटे मुनींचा विहार चालू असतो, अनवाणी, सोबत श्रावक मंडळी. समोरून विहार आला की आम्ही उतरून कडेला उभे राहतो. घंटी वाजवत मधनं जाऊ नये.

उगार खुर्द

ऊस सगळ्यांनी लिहिला, ट्रॉली कुणीच लिहिली नाही! आमच्याकडं कारखान्याचं गाळप सुरू झालं की शेडबाळ, उगार, कुडची या बाजूचे रस्ते बदलूनच जातात. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, टेप मोठ्यानं लावलेला, त्यामुळं ड्रायव्हरला तुमची घंटी ऐकू येत नाही. उसाची टोकं दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेली. कित्येक ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो. अंधार पडल्यावर त्या महिन्यांत सायकल काढूच नये, हे मी हात जोडून सांगतो. सकाळीसुद्धा ट्रॉलीला डावीकडनं ओलांडू नका, ती खड्डा चुकवायला कधीही त्या अंगाला झुकते.

तोडणीच्या आधीही सांभाळा. सप्टेंबर-ऑक्टोबरात ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो आणि वळणावर पुढचं काहीच दिसत नाही. खरी मजा फेब्रुवारी-मार्चमध्ये, फड मोकळे झाल्यावर. मग उगारपासनं कृष्णेवरचा रेल्वे पूल लांबनं दिसायला लागतो.

चिंचलीकडं जायचं असेल तर माघात मायाक्काची जत्रा असते. तेव्हा महाराष्ट्रातनं बैलगाड्या येतात, रस्ता त्यांचा असतो. गाड्यांच्या मागनं सावकाश चालवायला मला फार आवडतं, पण घाईत असाल तर दुसरा दिवस निवडा.

आणि परतीसाठी मिरज-बेळगाव पॅसेंजर आहे. सायकल सामानात घेतील का, हे आधी स्टेशनात विचारून ठेवा.

येळ्ळूर, बेळगाव

शहरातल्यांना एवढ्या लांब जायला नको. वडगाव ओलांडून येळ्ळूरकडं वळलात की दोन्ही बाजूंना भात आणि समोर राजहंसगड. बेळगाव बासमती याच मातीतला. ऑक्टोबरात पीक निसवलेलं असताना सकाळी जाऊन बघा, नुसता वास घेत चालवावं. नोव्हेंबरात शेतकरी रस्त्यावरच भात वाळत घालतात. अर्धा रस्ता त्यात जातो, म्हणून कुणी चिडतात. मला ते पटत नाही. वर्षाची कमाई तिथं पसरलेली असते. उतरा, ढकलत न्या, दोन शब्द बोला. नंतर त्याच रानात मसूर येतो आणि रस्ता परत मोकळा.

चिकोडी

पंक्चरचं कुणीच लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. सपाट रस्त्याचा शत्रू चढ नाही, सराटे आणि बाभळीचा काटा. बांधाचं कुंपण तोडलं की फांद्या ओढत नेतात, काटे डांबरावर राहतात. सराटा टायरमध्ये बसला की लगेच हवा जात नाही. तासाभरानं चाक मऊ लागतं, तेव्हा पंक्चरवाला दोन गावं मागं राहिलेला असतो. चहाला थांबलात की टायरवरनं नजर फिरवून काटे उपटा. जास्तीची ट्यूब आणि पंप कायम जवळ ठेवा. गावातल्या दुकानात गियरच्या सायकलीची ट्यूब मिळेलच असं नाही.

पावसात डांबर सोडून पाणंदीत शिरू नका. काळी माती चाकाला असा लपेटा मारते की सायकल खांद्यावर घ्यायची पाळी येते.

घटप्रभा

आमच्याकडं धुपदाळचा बंधारा आहे, त्याच्या पाण्यावर पक्षी अभयारण्य. थंडीत करकोचे येतात. कालव्याच्या कडेचा रस्ता मातीचा, पण डिसेंबर-जानेवारीत घट्ट असतो. जाड टायर असेल तर बिनधास्त. पातळ टायरवाल्यांनी गावचा डांबरी रस्ताच धरावा.

वाऱ्याबद्दल एक. पावसाळ्यात तो पश्चिमेकडनं सुटतो. जाताना पूर्वेला गेलात तर पाय न लावता पोचल्यासारखं वाटतं, आणि परतीला सपाटीवर घाटाचा घाम निघतो. म्हणून आधी वाऱ्याच्या विरुद्ध, पश्चिमेला जा, येताना वारा पाठीशी घ्या.

निपाणी (पुन्हा)

सगळं वहीत उतरवून घेतलं. अथणीच्या पूर्वेकडचं, तेलसंगच्या द्राक्षपट्ट्याचं अजून कुणीच लिहिलेलं नाही. तिकडं नदी नाही, ऊस कमी, ज्वारी जास्त, म्हणजे हंगामाचं गणितच वेगळं असणार. त्या भागातल्यांनी रस्ता, महिना आणि पाणी कुठं मिळतं, एवढं तरी लिहावं.